हरणं, ग्राउंडहॉग आणि खारी: अमेरिकेतल्या परसबागेतले टोमॅटो वाचवायचे कसे

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट या पट्ट्यात घर घेतलं की पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच बहुतेक मराठी घरांच्या मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं दिसायला लागतात. इथली माती आणि उन्हाळा टोमॅटोला मानवतो. रटगर्स विद्यापीठाने १९३४ साली काढलेलं ‘रटगर्स’ हे वाण लोक अजूनही आवर्जून लावतात, आणि झाडावर रंग धरलेल्या टोमॅटोच्या साराला जी चव येते ती दुकानातल्या टोमॅटोला येत नाही. मात्र याच पट्ट्यात पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत. घरांजवळ शिकार नाही, लांडगे कधीच संपले, आणि घराभोवती होस्टा, अर्बरव्हिटे अशी शोभेची झाडं, गवत असं आयतं खाणं. त्यात आपण मे महिन्यात नर्सरीतून आणलेली, खतावर पोसलेली लुसलुशीत रोपं लावतो.

‘टोमॅटोच्या पाल्यात कडवट विषारी द्रव्य असतं, हरणं त्याला तोंड लावत नाहीत’ असं नर्सरीत सांगितलं जातं. द्रव्य असतं हे खरं, पण हरणं तोंड लावतात हेही खरं. कोवळे शेंडे, कळ्या आणि रंग धरलेली फळं त्यांना चालतात. एकदा चव कळली की ती रोज त्याच वाटेने येतात. म्हणून माझं ठाम मत आहे: कुंपण रोपं लावायच्या दिवशीच उभं राहिलं पाहिजे. पहिला शेंडा गेल्यावर जाळी आणायला धावणं म्हणजे वरातीमागून घोडं. फवारे, साबण, आवाज, दिवे हे सगळं कुंपणाला मदत म्हणून ठीक आहे, कुंपणाऐवजी नाही.

आधी चोर ओळखा

जाळी विकत घेण्यापूर्वी हे काम करा, कारण प्रत्येक प्राण्यासाठी लागणारी जाळी वेगळी असते. हरणासाठी उभारलेल्या आठ फुटी जाळीतून सशाचं पिल्लू सहज आत जातं, आणि सशासाठी लावलेली दोन फुटी जाळी हरीण लक्षातही न घेता ओलांडतं.

देठ कसा तुटलाय ते वाकून बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते कापत नाही, ओढून तोडतं. देठाचं टोक फाटकं, चोथ्यासारखं दिसतं, आणि नुकसान गुडघ्यापासून छातीच्या उंचीपर्यंत असतं. ससा सुरीने तिरका काप द्यावा तसा स्वच्छ कापतो आणि दोन फुटांच्या वर त्याचं तोंड पोचत नाही. ग्राउंडहॉग हा बिळात राहणारा, खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी. तो दिवसा येतो, सकाळी आणि दुपार उतरल्यावर, आणि थोडक्यात भागवत नाही. खालच्या फांद्या मोडलेल्या, पानं ओरबाडलेली, हाताशी आलेली फळं अर्धवट खाल्लेली, असं एका बैठकीत होऊ शकतं. त्याचं बीळ बहुधा शेडखाली किंवा डेकखाली असतं, आणि तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसतो. हा प्राणी चढतोही आणि खणतोही, त्यामुळे तो सगळ्यात अवघड.

खार आणि चिपमंक (पट्टेरी छोटी खार) पाल्याला हात लावत नाहीत. पिकायला आलेलं फळ तोडायचं, एक-दोन चावे घ्यायचे आणि कठड्यावर टाकून पुढचं तोडायचं, ही त्यांची रीत. कोरड्या आठवड्यांत हे वाढतं, कारण बरेचदा त्यांना फळापेक्षा त्यातलं पाणी हवं असतं. जमिनीला टेकलेल्या टोमॅटोला खालून खड्डा पडला असेल तर गोगलगाय, ओपोसम हा मांजराएवढा निशाचर प्राणी किंवा बॉक्स टर्टल नावाचं कवचाचं छोटं कासव असू शकतं. कासवाला हाकलू नका. या कासवांची संख्या घटते आहे आणि ते फक्त जमिनीलगतचंच फळ खातं. खालचे घोस बांधून वर उचलले की प्रश्न मिटतो.

आणि एक चोर असा, ज्याचा आळ हरणावर येतो: हॉर्नवर्म. बोटाएवढी जाड हिरवी अळी, मागे शिंगासारखं टोक. ही शेंड्याकडून खाली पानं फस्त करते, पण देठ आणि मधल्या शिरा उभ्या ठेवते. खालच्या पानांवर मिरीएवढ्या काळपट हिरव्या लेंड्या दिसल्या की अळी वर कुठेतरी आहेच. रंग पानात मिसळून जातो, म्हणून अंधार पडल्यावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन बघा. अळी चमकते आणि लगेच सापडते. हाताने उचलून साबणाच्या पाण्यात टाका. अळीच्या पाठीवर तांदळासारखे पांढरे कोश उभे असतील तर मात्र तिला तिथेच राहू द्या. ते एका परोपजीवी गांधीलमाशीचे कोश आहेत, त्यातून निघणाऱ्या माश्या तुमच्याच बागेत पुढच्या अळ्या संपवतात.

खात्री होत नसेल तर वाफ्याभोवती ओलसर माती सपाट करून ठेवा आणि सकाळी पावलं बघा. हरणाच्या खुराचा ठसा बदामासारखा, दोन भागांचा असतो. दाराच्या घंटीचा किंवा बागेचा साधा कॅमेरा असेल तर तो दोन-तीन रात्री वाफ्याकडे वळवला तरी पुरतं.

जागा आणि माप

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. चार फूट बाय आठ फूट असे दोन उंच वाफे, मध्ये तीन फुटांची वाट. म्हणजे वाफ्यांची जागा आठ बाय अकरा. चारी बाजूंना दीड फूट मोकळं सोडलं की कुंपण अकरा बाय चौदा फुटांचं होतं, घेर ५० फूट. हे दीड फूट चुकवू नका. जाळीला टेकलेली फांदी हरीण बाहेरून खातं, आणि आत उभं राहून बगलफुटी खुडायला, फळं तोडायला माणसालाही जागा लागते.

जाळीचे गठ्ठे साधारण ५० आणि १०० फुटांचे मिळतात. घेर ५० फुटांचा ठेवला आणि त्यातलं तीन फुटांचं फाटक वजा केलं की ५० फुटी गठ्ठ्यात कोपऱ्यांच्या दुमडीसह काम बसतं. चारी बाजूंना एकेक फूट जास्त सोडला तर दुसरा गठ्ठा घ्यावा लागतो. आधी कागदावर आखा, मग दुकानात जा.

लहान आवार ठेवण्याचा आणखी मोठा फायदा आहे. पांढऱ्या शेपटीचं हरीण सात-आठ फूट उडी मारू शकतं, पण जिथे उतरायची जागा अरुंद, आत काठ्या आणि पिंजरे भरलेले, तिथे ते सहसा उडी घेत नाही. म्हणजे पूर्ण अंगणाला कुंपण घालण्यापेक्षा फक्त भाजीच्या वाफ्यांना घातलेलं घट्ट कुंपण स्वस्तही पडतं आणि जास्त टिकतं.

खोदण्यापूर्वी दोन फोन करायचेच. पहिला ८११ ला. हा नंबर देशभर चालतो, सेवा मोफत आहे, आणि जमिनीखालच्या गॅस, वीज, केबलच्या लाइन कुठे आहेत त्याच्या खुणा ते येऊन करून देतात. काम सुरू करण्याआधी काही दिवस कळवायला लागतं. दुसरा फोन टाउनशिपच्या झोनिंग ऑफिसला. बऱ्याच गावांत मागच्या अंगणात सहा फुटांपर्यंतच कुंपणाला सरळ परवानगी असते, त्यावर गेलं की अर्ज करावा लागतो. सोसायटी, म्हणजे एचओए असेल तर तिचे नियम वेगळे. हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये उरकून घ्या, कारण मे उजाडला की सगळ्यांनाच घाई असते.

कुंपण उभारणं

सामान असं: दहा फुटी लोखंडी टी-पोस्ट, म्हणजे जमिनीत ठोकायचे खांब, नऊ (आठ घेराला, एक फाटकाला जास्तीचा), साडेसात फूट उंचीची काळी पॉलिप्रॉपिलीनची हरणांची जाळी, चार फूट रुंद आणि एक इंच भोकाची गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी ५० फूट, अतिनील किरणांना टिकणारे झिप टाय, जमिनीत ठोकायचे यू आकाराचे खिळे, आणि पोस्ट ठोकायचा ड्रायव्हर. ड्रायव्हर विकत घेऊ नका, भाड्याने मिळतो.

पहिली पायरी, खांब. चारही कोपऱ्यांना आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध एकेक. लांब बाजूला दोन खांबांत सात फूट अंतर येईल, आखूड बाजूला साडेपाच. दोन फूट जमिनीत, आठ फूट वर. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ठोका, माती सोपी जाते. कोपऱ्यांचे खांब किंचित बाहेरच्या बाजूला झुकते ठोका, जाळी ताणली की ते आपोआप सरळ येतात.

दुसरी पायरी, खालची तारेची जाळी, आणि या सगळ्या कामात मी सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायला सांगेन. वरची उंची सगळ्यांच्या लक्षात राहते, पण हरीणसुद्धा उडी मारण्याआधी खालून डोकं घालून बघतं. सात-आठ इंचांची फट मिळाली तरी ते अंग चोरून आत शिरतं. ससा आणि ग्राउंडहॉग तर खालूनच येतात. चार फूट रुंदीची जाळी अशी दुमडा की तीन फूट उभी राहील आणि एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरेल, इंग्रजी एल अक्षरासारखी. बाहेरच्या बाजूला, हे नीट लक्षात ठेवा. खणणारा प्राणी कुंपणाच्या अगदी पायाशी येऊन उकरायला लागतो, तिथे त्याच्या पंजाला जाळी लागते, आणि मागे एक फूट सरकून खणायला सुरुवात करावी हे त्याला सहसा सुचत नाही. हा पसरलेला पट्टा हिरवळीखाली दोन-तीन इंच दाबा किंवा फूटभर अंतरावर खिळे मारून वर लाकडाचा भुसा पसरा. गवत त्यातून वाढलं की जाळी दिसतही नाही. कोपऱ्यांवर पट्टा दुभंगतो आणि त्रिकोणी फट राहते. तिथे जाळीचा वेगळा तुकडा घालून बांधा.

ग्राउंडहॉग खरोखरच असेल तर साधी चिकन वायर, म्हणजे पातळ तारेची विणलेली जाळी, पुरणार नाही. तो ती वाकवतो, आणि जमिनीखाली ती काही वर्षांत गंजते. वेल्डेड तारेची जाळी घ्या. शिवाय जाळीचा वरचा फूटभर भाग खांबांना बांधू नका, बाहेरच्या बाजूला सैल वाकता सोडा. तो चढायला लागला की त्याच्याच वजनाने जाळी बाहेर झुकते आणि तो खाली येतो. वरच्या हरणांच्या जाळीला मात्र या सैल भागाच्या आतून ताणा, म्हणजे मध्ये फट राहणार नाही.

चिपमंक आणि उंदरासारखे व्होल त्रास देत असतील तर अर्ध्या इंचाच्या भोकाचं हार्डवेअर क्लॉथ, म्हणजे बारीक भोकांची तारेची जाळी, लागतं. संपूर्ण घेराला ते महाग पडतं. उंच वाफा नवीन बांधत असाल तर माती भरण्याआधी त्याच्या तळाशी ते अंथरा. एकदाच करायचं काम आहे.

तिसरी पायरी, वरची जाळी. खाली तारेच्या जाळीवर फूटभर तरी आच्छादू द्या, खांबाला दर फुटावर झिप टाय. वरच्या कडेने एक गॅल्व्हनाइज्ड तार ताणून जाळी तिच्यात ओवली तर झोल येत नाही. काळी जाळी माणसाच्या डोळ्याला सुखावह, कारण ती दिसत नाही. हरणालाही दिसत नाही हीच अडचण. पळत आलेलं हरीण तिच्यावर आदळून ती फाडू शकतं. म्हणून पहिले काही आठवडे चार फुटांच्या उंचीवर जुन्या पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधून ठेवा. हरणांना अडथळा कळला आणि त्यांनी वाट बदलली की काढल्या तरी चालतं.

चौथी पायरी, फाटक. सगळं कुंपण उत्तम आणि फाटकाखाली सहा इंचांची फट, असं मी कितीतरी अंगणांत बघितलं आहे. फाटकाच्या खाली फरशीचे पेव्हर बसवा, म्हणजे फट बोटभर राहते आणि कोणाला खणताही येत नाही. फाटकाच्या लाकडी चौकटीलाही खालचे तीन फूट तारेची जाळी ठोका. कडी अशी घ्या की एका हाताने लागेल, कारण दुसऱ्या हातात टोमॅटोची टोपली असते. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात आणि बागेत खरा वेळ तेच घालवतात. त्यांना वाकून, जोर लावून उघडावं लागेल अशी कडी दिवसभर उघडीच राहते.

गावाचा नियम सहा फुटांचा असेल तर? आवार लहान ठेवा. सहा फुटांवर थांबून वरून जाळीचं छप्पर टाका, किंवा परवानगी असेल तर फळ्यांचं भरीव कुंपण करा. पलीकडे काय आहे ते दिसत नसेल तर हरीण सहा फुटांवरूनही उडी घ्यायला कचरतं. मोठ्या जागेत चार-पाच फुटांची दोन कुंपणं, चार-पाच फूट अंतर ठेवून समांतर, असाही उपाय आहे. हरणाला उंची आणि रुंदी एकदम पार करता येत नाही. परसबागेत एवढी जागा क्वचितच असते. विजेच्या कुंपणाबद्दल विचारलं जातं. शेतावर ते उत्तम चालतं, पण गावाच्या हद्दीत अनेक ठिकाणी मनाई आहे, आणि जिथे मुलं खेळतात तिथे मी ते सुचवणार नाही.

चार-पाचच रोपं असतील तर

एवढा खटाटोप चार रोपांसाठी कोणी करणार नाही, आणि करूही नये. दोन इंच बाय चार इंच भोकांची, पाच फूट उंच वेल्डेड जाळी घ्या. तिचा १३ फुटांचा तुकडा कापून गोल केला की चार फूट व्यासाचं कडं होतं. मध्ये रोप आणि त्याचा नेहमीचा आधाराचा पिंजरा, भोवती हे कडं, दोन बाजूंना सळया ठोकून पक्कं. हरीण नाक घालून बाहेर आलेली पानं खाईल, खोडापर्यंत पोचणार नाही. सशासाठी खालचे दोन फूट बारीक जाळी गुंडाळा. अमर्याद वाढणारी वाणं पाच फुटांच्या वर गेली की वरचे शेंडे हरणाला मिळतात, म्हणून अशा ठिकाणी बुटकी, झुडपासारखी वाढणारी वाणं निवडणं शहाणपणाचं.

टाउनहाउसमध्ये डेकवर कुंड्या असतील तर हरणापेक्षा खारींचा विचार करा. पण डेकच्या पायऱ्या तीन-चारच असतील तर हरीण त्या चढतं. लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक पायऱ्यांशी लावलं की पुरे.

फवारे आणि वास

दुकानात मिळणारे बहुतेक फवारे सडवलेल्या अंड्याच्या घन भागापासून केलेले असतात, काहींत लसूण किंवा मिरचीचा अर्क. सडक्या अंड्याचा वास हरणाला शिकारी प्राण्याची आठवण देतो असं मानलं जातं, आणि या गटातले फवारे इतरांपेक्षा बरे चालतात. पण लेबल वाचल्याशिवाय टोमॅटोवर काहीही मारू नका. बरेच फवारे फक्त शोभेच्या झाडांसाठी असतात. खाण्याच्या पिकाला चालणारे असले तरी फळांवर नको. त्यांचा खरा उपयोग बाहेरच्या बाजूला आहे: हरणं ज्या वाटेने येतात तिथल्या होस्टावर, झुडपांवर मारा. जोराच्या पावसानंतर आणि एरवीही लेबलवर दिलेल्या अंतराने पुन्हा मारावा लागतो, आणि एकच वास महिनोन्‌महिने राहिला तर हरणांना सवय होते, म्हणून दोन प्रकार आलटून पालटून वापरा. घरी अंडं पाण्यात फेटून करायचं असेल तर तेही बाहेरच्या झुडपांपुरतंच. कच्चं अंडं आपल्या खाण्याच्या फळावर जाता कामा नये.

आपल्याकडे डांबराच्या गोळ्या ठेवायची सवय असते. कपाटात ठेवायची वस्तू ती, बागेत टाकू नका. त्यातलं रसायन विषारी आहे, मातीत उतरतं, पांढरी गोळी लहान मूल उचलून तोंडात घालू शकतं, आणि लेबलच्या बाहेरचा असा वापर कायद्यानेही चुकीचा आहे. लाल तिखट शिंपडण्याने एक पाऊस पडेपर्यंत समाधान मिळतं, आणि ते प्राण्याच्या आणि आपल्या दोघांच्याही डोळ्यांत जातं. साबणाच्या वड्या टांगण्याचा परिणाम वडीच्या आसपास तीन-एक फुटांपुरता. बुजगावणं, चमकणाऱ्या पट्ट्या, रेडिओ यांना हरणं आठवड्याभरात ओळखतात.

यातून एकच वस्तू मी मनापासून सुचवेन: हालचाल जाणवली की पाण्याचा फवारा सोडणारा स्प्रिंकलर. आवाज, हालचाल आणि पाणी एकदम आल्याने हरीण, ससा, ग्राउंडहॉग तिघेही दचकतात. दर काही दिवसांनी त्याची जागा बदला. होज सतत चालू ठेवावा लागतो, तेवढा त्रास आहे.

खारींचा बंदोबस्त

खारीला कुंपण अडवत नाही. तिच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, पाणी. वाफ्यापासून दूर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उथळ परळात पाणी ठेवा आणि डास होऊ नयेत म्हणून रोज बदला. कोरड्या जुलैमध्ये याने थोडाफार फरक पडतो. पक्ष्यांच्या दाण्याचं भांडं टोमॅटोजवळ टांगलं असेल तर आधी ते हलवा, खारींना आमंत्रण तिथूनच जातं.

दुसरी, आणि जास्त भरवशाची: फळ झाडावर पूर्ण पिकू देऊ नका. टोमॅटोच्या तळाशी गुलाबी छटा फुटली की फळ आतून पक्व झालेलं असतं. त्यानंतर झाडाकडून त्याला फारसं काही मिळायचं राहत नाही, आणि घरात पिकवलं तरी चवीत फरक जाणवत नाही. छटा दिसली त्या दिवशी तोडा, ओट्यावर एका थरात ठेवा. उन्हाची गरज नसते, १८ ते २१ अंश सेल्सियस तापमान सर्वांत चांगलं. फ्रिजमध्ये मुळीच नको, थंडीने चव आणि पोत दोन्ही जातात. खारी, पक्षी, चिपमंक सगळ्यांना लाल फळ हवं असतं, आणि ते झाडावर उरतच नाही.

मोठी, जपून वाढवलेली फळं असतील तर घोसाला ऑर्गन्झाची पिशवी घाला. हळदीकुंकवाच्या वाणाच्या पोटल्या प्रत्येक मराठी घरात साठलेल्या असतात, त्यातल्या मोठ्या आकाराच्या चालतात. फळ धरल्यावरच घाला, फुलावर नको. टोमॅटो स्वतःच फळतो, पण फुलाला वाऱ्याने, मधमाशीने हलवणं लागतं. चिवट खार पिशवी कुरतडतेही, तरी बरीच फळं वाचतात. पक्ष्यांसाठीची सैल नायलॉनची जाळी मात्र झाडावर टाकू नका. तिच्यात साप आणि पक्षी अडकून मरतात.

नुकसान झाल्यावर

जूनमध्ये शेंडा खाल्ला गेला म्हणून रोप उपटू नका. फाटलेलं टोक धारदार कात्रीने पानाच्या वर स्वच्छ कापा, पाणी द्या, आठवड्या-दोन आठवड्यांत खालच्या बगलेतून नवी फूट येते. त्यातली एक जोमदार फूट नवा शेंडा म्हणून वाढवा. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत सहा ते आठ आठवडे लागतात आणि मध्य न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या मध्याला दव गोठायला लागतं, त्यामुळे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हे जमतं. ऑगस्टच्या शेवटी आपणच शेंडे खुडतो, त्या वेळी हरणाने खुडले तर फारसं बिघडत नाही.

अर्धवट खाल्लेलं फळ चावलेला भाग कापून वापरायचा मोह टाळा. २०११ साली ओरेगॉनमध्ये स्ट्रॉबेरीतून ई. कोलाय या जिवाणूची साथ पसरली, तिचं मूळ शेतातल्या हरणांच्या विष्ठेत सापडलं होतं. चावलेलं फळ कचऱ्यात, आणि वाफ्याजवळ लेंड्या दिसल्या तर त्यांच्या लगतची फळं घेऊ नका.

प्राणी पकडून दूर सोडून यायचा विचारही करू नका. न्यू जर्सीसह अनेक राज्यांत परवान्याशिवाय ते बेकायदेशीर आहे, आणि नव्या जागी सोडलेला प्राणी बरेचदा जगत नाही. ग्राउंडहॉग फारच त्रास देत असेल तर परवानाधारक माणसाला बोलवा.

गोचिडी

हरणांच्या मागोमाग गोचिडी येतात, आणि काळ्या पायांच्या गोचिडीतून लाइम रोग होतो. या रोगाचं नावच कनेटिकटमधल्या लाइम गावावरून पडलं. खसखशीएवढ्या बाल्यावस्थेतल्या गोचिडी मे ते जुलैमध्ये, म्हणजे नेमक्या आपल्या लावणीच्या दिवसांत फिरत असतात. चपला घालून, गवतात बसून खुरपणाऱ्या आई-बाबांना हे मुद्दाम समजावून सांगा. लांब पायजमा, मोज्यांत खोचलेला, पायात बूट. आत आल्यावर काखा, गुडघ्यामागची बाजू, केसांची मुळं तपासा. कोरडे कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवले की त्यांवरच्या गोचिडी मरतात. अंगावर चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, तेल किंवा काडेपेटी नको. रोगाची लागण व्हायला ती साधारण २४ तासांपेक्षा जास्त चिकटलेली असावी लागते, म्हणून रोजची तपासणी महत्त्वाची. त्यानंतरच्या दिवसांत ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

भारतात जाण्याआधी

आपल्या घरांची ही खास अडचण आहे. जूनच्या शेवटी शाळा सुटते, आपण तीन-चार आठवडे भारतात, आणि टोमॅटो ऐन भरात. फवारा कोणी पुन्हा मारणार नाही, स्प्रिंकलरचा सेल संपला तर कळणार नाही. या काळात कामाला येतं ते फक्त कुंपण. जाण्याच्या आदल्या दिवशी सगळा घेर चालून या, खालच्या पट्ट्याला हाताने ओढून बघा, सुटलेले खिळे पुन्हा मारा. जाळीबाहेर डोकावणाऱ्या फांद्या आत बांधा किंवा कापा, कारण हरणाला पहिली चव तिथेच मिळते. छटा धरलेली सगळी फळं तोडून शेजाऱ्यांना द्या, आणि पाणी घालायला येणाऱ्याला सांगा की गुलाबी दिसेल ते घेऊन जा. त्यामुळे शेजारी आनंदाने येतात आणि लाल फळ झाडावर राहत नाही. फाटकाची कडी कशी लागते ते त्यांना एकदा प्रत्यक्ष करायला लावा.

हंगाम संपताना

पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीचा अंदाज आला की उरलेली सगळी हिरवी फळं उतरवा. मोठी, चकचकीत झालेली ओट्यावर पिकतात. बाकीच्यांची दाण्याचं कूट आणि तीळ घालून चटणी करा. झाडं उपटून टाका. वरून जाळीचं छप्पर घातलं असेल तर बर्फ पडण्याआधी काढून गुंडाळून ठेवा, ओल्या बर्फाच्या वजनाने खांबच वाकतात. बाजूची जाळी राहू द्या, आणि फाटक हिवाळ्यातही लावूनच ठेवा. एक हिवाळा आतला पाला खात फिरलेलं हरीण मे महिन्यात तीच वाट धरतं. शेडखालच्या बिळावर लक्ष ठेवून ग्राउंडहॉग झोपेतून उठायच्या सुमाराला, फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये, खालचा पट्टा एकदा पुन्हा तपासा. थंडीत माती फुगून खिळे वर आलेले असतात.